फाईल नसलेली हाक

माझ्या माहेरी, कोडोलीला, आमच्या आळीत अंगात येणाऱ्या बाया होत्या. आईचा त्यांच्यावर फार विश्वास. मी लहानपणी तिच्या पदराआडून ते सगळं बघायचे, आणि तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की हे जे काय आहे ते माणसांचंच आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. त्यामुळे पुढचं वाचून 'आली आणखी एक' असं म्हणू नका. मी अजून तशी नाही... निदान स्वतःला तरी तसंच सांगते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचायची आवड आहे, लिहायची सवय नाही. मासिकात लोकांचे असे अनुभव छापून येतात ते मी वाचते. वाचून झालं की मनात येतं, आपल्याकडे पण एक आहे. पण घरात पाहुणे आले तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, तर अनोळखी लोकांना काय सांगणार? म्हणून आधी नुसतं लिहून काढते. पाठवायचं की नाही ते नंतर.

मंगळवार पेठेत, पुण्यातल्या नव्हे, आमच्या इकडच्या, आमचं घर. पुढे बैठकीची खोली, मग मधली खोली, तिला लागून स्वयंपाकघर. मधल्या खोलीचं एक दार सरळ अंगणात उघडतं आणि अंगणापलीकडे गोठा. हे नीट सांगते कारण पुढे लागणार आहे. गोष्ट आहे दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. तेव्हा आमच्याकडे चार म्हशी होत्या. सकाळ-संध्याकाळ म्हैस दुधाच्या कट्ट्यावर न्यायची, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाचा ग्लास हातात द्यायचा, हा आमचा धंदा. सासरे होते तोवर ते आणि आमचे हे दोघं जायचे. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणायचे, सासूबाईंना अव्वा. घराणं मूळचं निपाणीच्या बाजूचं, म्हणून.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. मालक पुढे मोटारसायकलवर आणि म्हैस मागे. दोर नाही, काठी नाही, नुसत्या हाकेवर. त्यामुळे म्हशीवाल्यांच्या घरात हाकेला फार मान. प्रत्येकाची हाक वेगळी आणि म्हैस दुसऱ्याच्या हाकेला कान पण हलवत नाही. आप्पांची हाक कशी होती ते मला लिहून दाखवता येणार नाही. पण ती आली की आमची तारा म्हैस कुठं असेल तिथून मान वर करायची.

आता धाकट्या दिरांबद्दल. मल्लूभावजी. कॉम्प्युटरचं शिकले, पुण्यात थोडे दिवस नोकरी केली, ती सोडून घरी आले आणि मधल्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसले. ते एक गेम करत होते. एकटे नाही, वेगवेगळ्या देशांतली माणसं आपापल्या घरी बसून थोडं थोडं करायची, मेलवर एकमेकांना पाठवायची आणि सगळं जोडून लोकांना द्यायची. आतलं सगळं लिखाण उघडं. कोणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं.

अव्वांनी एकदा जेवताना विचारलं, "ह्या गेमचा मालक कोण?"

"कोण न्हाय, अव्वा. सगळ्यांचाच हाय."

"मंग पगार कोण देतंय?"

"पगार न्हाय त्यात."

"आणि इकायचा कितीला?"

"फुकट द्यायचा."

अव्वांनी माझ्याकडे बघितलं. "गौरे, ह्याला भाकरी जरा जास्त वाढत जा. डोस्क्याला ताकद पोचंना झालीय."

भावजी हसले. ते रागवत नसत. मला गेम समजावून सांगणारे घरात तेच एक होते. माळावर सुरुवात करायची, घरं बांधायची, विहीर काढायची, गाव वसवायचं, असा तो खेळ. आतापर्यंत त्यात माणसं आणि घरंच होती. पुढच्या मोठ्या व्हर्जनमध्ये जनावरं येणार होती आणि ते काम भावजींचं. शिवाय ह्या खेपेला रिलीजची जबाबदारी पण त्यांच्यावर टाकली होती. सगळ्यांनी केलेलं एकत्र करायचं, चुका निघाल्या की ज्याच्या त्याच्याकडे परत धाडायच्या, आणि ठरलेल्या दिवशी ते जगाला खुलं करायचं. जर्मनीतल्या एकानं विचारलं म्हणे, पहिलं जनावर गाय का नाही? भावजींनी कळवलं, आमच्यात म्हैस.

आवाज पण सगळे स्वतःचेच लागायचे, दुसऱ्याचे उचलले तर हक्काची भांडणं. म्हणून भावजींनी घरातलेच आवाज घेतले. घागर भरताना होतो तो. ताराचं रेकणं — ते काय, खोलीत बसून पण ऐकू येतंच. माझ्या खराट्याचा आवाज त्यात आहे. कुठल्या तरी देशात कोणी तो खेळ खेळताना अंगण झाडत असेल, तर ते झाडणं माझं आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

राहिली हाक. एक बटन दाबलं की हाक यावी आणि चरायला गेलेल्या म्हशी घराकडे याव्यात, असं भावजींनी केलं होतं. त्यात त्यांना आप्पांचीच हाक पाहिजे होती. दुसरी कुठली नाही. लहानपणापासून ती हाक ऐकूनच ते झोपेतून उठलेले. एकदा त्यांनी आप्पांना खुर्चीवर बसवलं आणि माईक पुढे धरला.

"आप्पा, एक डाव हाक मारा की."

"म्हस कुठाय?"

"म्हस कशाला? नुसती हाक पायजे."

"नुसती?" आप्पांनी माईक उलटा-सुलटा करून बघितला. "म्होरं म्हस न्हाय, हातात पेंड न्हाय. कुणाला मारू हाक, तुझ्या डब्याला? रिकामी हाक मारली की जनावर फसतंय रं. पुढच्या खेपेला येत न्हाय ते."

"मंग कसं करायचं?"

"गोठ्यात आण तुझं मशीन. संध्याकाळी पेंड घालताना घे. मी काय पळून चाललोय व्हय."

कॉम्प्युटर उचलून गोठ्यात नेणं शक्य नव्हतं आणि माईकची वायर अंगणाच्या उंबऱ्यापर्यंतच पोचायची. लांब वायर आणतो, म्हणाले भावजी. मग त्यांच्या कामाच्या घाईत ते राहिलं. एक आठवडा, दोन आठवडे... श्रावणात आप्पा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

माणसं येऊन गेली. घर मोकळं झालं. आणि एक दिवस भावजी बाजारातून लांब वायर घेऊन आले. मधल्या खोलीत जाऊन त्यांनी ती कपाटावर टाकली.

पुढं हाकेच्या जागी त्यांनी स्वतःची हाक घातली. आमच्या ह्यांनी ती ऐकली आणि म्हणाले, "मल्ल्या, भाजी इकाय आल्यागत वाटतंय की रं." एरवी भावजी हसले असते.

रिलीज दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी ठरलं होतं. अव्वांनी पण सांगून ठेवलं होतं की दिवाळी झाली की हे खूळ बंद, शिरोलीला मामांच्या ओळखीनं फौंड्रीत चिकटायचं. भावजी हो म्हणाले होते. त्यांना एवढंच पाहिजे होतं की हे व्हर्जन म्हशींसकट बाहेर पडावं. हाक गेली ती गेली, निदान म्हशी तरी.

आणि म्हशीच बिघडल्या.

झालं असं, की गेम चालू करून थोडा वेळ गेला की सगळ्या म्हशी चरायच्या थांबायच्या. एकेक करून नकाशाच्या एका कडेला जायच्या. तिथं काही नाही, गवत नाही, पाणी नाही, खेळच तिथं संपतो. त्या तिथं जाऊन तोंड बाहेर करून उभ्या राहायच्या. मग बटन दाबा, काही करा, हलायच्या नाहीत. बाहेरच्या लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरवर बघितलं, काहींच्याकडे होत होतं, काहींच्याकडे नाही. भावजींनी ते लिखाण किती वेळा वाचलं असेल... वाचायचे, उठायचे, अंगणात जायचे, परत येऊन वाचायचे. जेवायचे पण उभ्यानं. मी ताट ठेवलं की एक घास घेऊन स्क्रीनपाशी. त्यांची ती येरझार बघून माझा पण जीव स्थिर राहीना. भाकरी थापता थापता हात थांबायचे आणि कान तिकडे.

शेवटच्या आठवड्यात बाहेरच्या लोकांचा मेल आला की शनिवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर जनावरं काढून टाकून बाकीचं रविवारी सोडूया. भावजींनीच रिलीजचं बघायचं, म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःच्या म्हशी काढायच्या.

"वहिनी," ते मला म्हणाले, "दुपारचं जरा बसशीला का हितं? तुमी नुसतं बघा. म्हशी फिरल्या की मला हाळी द्या. मी आकडे बघत बसतो."

मला त्या मशीनला हात लावायची भीती वाटायची. पण बसले. बसून बसून माझ्या ध्यानात एक आलं, ते सांगावं की नको ह्यातच माझे दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं, "भावजी, ह्या वाट बघत्यात असं वाटतंय. तारा अशीच उभी राहती आता." आप्पा गेल्यापासून तारा गवताकडे पाठ करून गल्लीच्या भिंतीकडे तोंड करून उभी असायची. धार पण धड देत नव्हती, ह्यांना ती पान्हा चोरायची.

भावजींनी दारातून गोठ्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. म्हणाले, "वहिनी, ह्यास्नी वाट बघाय मी शिकवलेलंच न्हाय की. त्यात तसं लिवलेलंच न्हाय कुठं."

अव्वा तिथंच लसूण सोलत होत्या. "हाक मारून उपाशी धाडतोयस त्यांस्नी, मंग काय नाचतील?"

भावजींनी ते पण करून बघितलं. हाक मारली की गावात पेंड पडायची. दिवसभर बसून केलं. काही उपयोग नाही. पेंड पडून राहायची आणि म्हशी कडेला.

शनिवार उजाडला. दुपारी भावजी म्हणाले, "संपलं वहिनी. नेटकॅफेत जाऊन कळवून येतो, म्हशी काढतोय म्हणून." घरचं नेट बंद पडलं होतं. गेम चालूच ठेवून ते चपला घालून गेले. ह्यांना कट्ट्यावर कोणीतरी बोलावलं होतं, ते गेले होते. घरात मी आणि अव्वा. अव्वा स्वयंपाकघरात पाटावर बसून गहू निवडत होत्या. मी भावजींच्या खुर्चीत नव्हते, बाजूला खाली बसले होते, गोधडीला टाका घालत. उन्हाचा पट्टा खोलीत आला होता. स्क्रीनवर म्हशी कडेला उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी सुईकडे बघत होते.

आणि स्पीकरमधून आप्पांची हाक आली.

भास नव्हे. आप्पांसारखी पण नव्हे... आप्पांचीच. माझ्या लग्नापासून रोज दोन वेळा ऐकलेली. हाकेच्या आधी ते घसा साफ करायचे तो आवाजसुद्धा आला. मग हाक, सावकाश, पूर्ण.

स्क्रीनवर बघितलं तर म्हशींनी एकेक करून तोंड फिरवलं होतं आणि त्या गावाकडे चालायला लागल्या होत्या. मी बटन दाबलेलं नव्हतं. मी मशीनपासून हातभर लांब होते. आणि दाबलं असतं तरी भावजींची हाक आली असती.

तेवढ्यात गोठ्यात दावं तुटल्याचा आवाज झाला. तारा अंगण ओलांडून आली आणि मधल्या खोलीच्या दारात डोकं घालून उभी राहिली. धापा टाकत. तिचं तोंड स्पीकरकडे होतं.

अव्वा स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात सूप तसंच. त्यांनी ताराकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं. मला वाटलं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "बघत काय बसलीस? हाक मारून बोलावल्यावर जनावराला काय द्याय नको? पेंड आण जा."

मी पेंड आणली. अव्वांनी स्वतः ताराच्या पुढं धरली. तिनं खाल्ली. पुन्हा हाक आली नाही.

भावजी परत आले तेव्हा तारा गोठ्यात होती आणि मी दाव्याला गाठ मारत होते. कॅफेत गर्दी होती, मेल अजून पाठवलेला नव्हता. त्यांनी स्क्रीन बघितली आणि मला हाक मारली. म्हशी गावात चरत होत्या. त्यांनी गेम बंद करून पुन्हा लावला. पुन्हा लावला. संध्याकाळपर्यंत तेच. एकदा पण म्हशी कडेला गेल्या नाहीत. "मी तर कायच बदललं न्हाय," ते म्हणत राहिले. ज्यांच्याकडे बिघडत होतं त्यांच्याकडे पण थांबलं, असं दुसऱ्या दिवशी कळलं.

मी बोलले नाही. अव्वा पण नाही. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली होती, त्याचा अर्थ मी 'आत्ता नको' असा घेतला. आज वाटतं, अर्थ दुसरा पण असेल.

रविवारी व्हर्जन म्हशींसकट बाहेर पडलं.

मग मेल यायला लागले. भावजी मला वाचून दाखवायचे. कोणाला विहीर आवडली, कोणाकडे गेम चालूच होत नव्हता. एका मेलवर ते अडखळले. ब्राझीलमधल्या कोणीतरी लिहिलं होतं, म्हाताऱ्या माणसाची ती हाक फार सुंदर आहे, त्याची फाईल कोणती, मला माझ्या गेममध्ये घ्यायची आहे. भावजी म्हणाले, "बघा, माझा आवाज म्हातारा वाटाय लागला ह्यास्नी." आणि फाईल पाठवली. त्याचं उत्तर आलं, ही नाही. ही बटन दाबल्यावर येते. मी म्हणतो ती बटन न दाबता येते... कधीतरी. आधी माणूस घसा साफ करतो.

भावजींचा चेहरा मी बघितला. मग मला गप्प राहवलं नाही. मी सगळं सांगितलं — शनिवार, हाक, तारा, पेंड. आयुष्यात इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. अव्वा आतून म्हणाल्या, "खरं हाय त्ये. मी ऐकलंय."

त्यानंतर त्यांनी काय काय केलं ते मला पुरतं कळलेलं नाही. सगळ्या फाईली एकेक करून ऐकल्या, माझा खराटासुद्धा. बाहेरच्या लोकांना पण शोधायला लावलं. आणि तो गेम तर उघडा, त्यात झाकलेलं काही नसतंच, कोणीही आत जाऊन प्रत्येक ओळ वाचू शकतं. इतक्या देशांतल्या इतक्या शिकलेल्या माणसांनी वाचलं. तशी फाईल नाही. जुन्या माईकमध्ये चुकून कधी आवाज आला असेल म्हणावं, तर आप्पांनी त्याच्यासमोर हाक मारलेलीच नव्हती. आमचे हे म्हणतात, तुम्हाला भास झाला असेल. मी विचारते, आणि ताराला? आणि त्या ब्राझीलवाल्याला?

भावजी फौंड्रीत गेले नाहीत. त्याच कामाच्या जोरावर त्यांना पुण्यात चांगली नोकरी लागली. तारा पुढे म्हातारी होऊन गेली. अव्वा पण गेल्या. अधूनमधून कोणाचा तरी मेल यायचा म्हणे, हाक ऐकली म्हणून. कधी कुठून, कधी कुठून. मला ह्याचं उत्तर सापडलेलं नाही आणि विचार करून करून मी दमले आहे.

पण मला टोचतं ते वेगळंच. भावजींना गेममधून ती हाक आजवर एकदाही ऐकू आलेली नाही. पुण्याच्या घरी जुना कॉम्प्युटर त्यांनी ठेवलाय, सुट्टीच्या दिवशी ते गेम लावून स्पीकर मोठा करून ठेवतात आणि बाकीची कामं करतात.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हणाले, "वहिनी, तुमी ऐकलीया. एकदा मारून दाखवा की. मला आता नीट आठवंना झालीय."

घरात कोणी नव्हतं. तरी मी दार लावून घेतलं. मी ह्या घरात कधी आवाज चढवलेला नाही, बाईमाणसानं म्हशीला हाक मारायची आमच्यात पद्धत पण नाही. फोन दोन्ही हातांनी धरला आणि जमेल तशी मारली.

मला वाटलं फोन कट झाला.

"भावजी?"

"हाय मी," ते म्हणाले. "परत मारा."